रॉकेलचा डबा आणि सूर्यभानचा रेडिओ

कर्जत, स्टँडसमोर, छगनच्या हाटेलातून
शनिवार, फेब्रुवारी १९७१

ती. रतनअक्का,

पायावर डोकं. पत्र लिहायचं राहिलं, चांगलं सात महिने राहिलं. आधी कार्ड नव्हतं, मग शाई नव्हती, आणि दोन्ही मिळालं तेव्हा (खोटं कशाला बोलू) तुझी भीती होती. गुडघा कसा आहे? माझं नाव निघालं की दाजी अजून ताटावरून उठतात का?

तू नेवाशाला रॉकेल आणायला धाडलंस तेव्हा मी सरळ दुकानाकडंच निघालो होतो. वाटेत तंबूचा सिनेमा लागला, त्यांना खुंट्या ठोकायला माणूस पाहिजे होता. मग त्यांच्यासंगं श्रीगोंदा, तिथून एक मेंढरंवाला (त्याचं कुत्रं तुला फार आवडलं असतं, पण ते राहू दे). सांगायचंय ते आपल्या सूर्यभानचं. सोनईच्या बाजारात भोंग्यावर जाहिराती करणारा माणूस पुण्याच्या रेडिओवर लागला, तीन महिन्यांच्या बोलीवर का होईना! बाजारात तो चप्पल घालून चार पावलं चालल्याशिवाय तिची जाहिरात करायचा नाही. कुणाचं शेरडू हरवलं की चालू गाणं थांबवून रंग, शिंगं, कानाची खूण सांगायचा, आणि चहा गार व्हायच्या आत शेरडू हजर. आता तो रेडिओवर नुसतं "ऐका" म्हणाला तरी इथल्या गिऱ्हाइकांच्या बश्या ओठापाशी थांबतात.

गेल्या सोमवारी मी छगनकडं कपबश्या विसळत होतो (मेंढरंवाल्यानं इथं सोडल्यापासून हेच माझं काम). साबणाची जाहिरात संपली आणि सूर्यभान म्हणाला, "सोनईचा गोरक्षनाथ हरवला आहे. वय वीस, डाव्या भुवईवर खोक, हाती हिरवा रॉकेलचा डबा, चालताना मागं बघत चालतो. बहीण रतनबाई रागावलेली नाही." (हे खरं का गं?) अख्खं हाटेल माझ्याकडं वळलं. डबा गल्ल्यापाशीच ठेवलेला.

"आरं," छगन म्हणाला, "हे शेरडू तर आमच्याच दावणीला हाय की!"

त्या दिवशी मला फुकट भजी मिळाली. पण मंगळवारपासून रेडिओवर दुसराच आवाज, गुळगुळीत, पाण्यात भिजवल्यासारखा. छगन म्हणतो, "सायबानं काढला आसंल. रेडिओ म्हंजी काय सोनईचा बाजार न्हाई." तेव्हापासून घास गोड लागत नाही. एवढा मोठा माणूस, आणि माझ्यापायी त्याची नोकरी जायची.

तुझा,
गोरक्षनाथ

ता. क. मी घरी येतोच. पण आधी गावातून वीस-पंचवीस कार्डं पुण्याच्या रेडिओला टाकायला लाव, की जाहिरात ऐकून माणूस सापडला. साबणवाल्यांना म्हणावं, तुमचं असं काही झालंय का!

ता. क. दुसरं. कार्डं राहू देत. आत्ता पुण्याची गाडी आली आणि उतरलं कोण, तर सूर्यभान! छगननं मला न सांगता रेडिओला कार्ड टाकलं होतं, की पोरगं इथं आहे. रेडिओचे साहेब त्याला म्हणाले, असा माणूसच नाही, तू रेडिओवर थट्टा केलीस. येत्या सोमवारी त्याला समोर उभा कर, नाहीतर घरी जा. सूर्यभाननं आधी माझी भुवई तपासली, मग विचारलं, "डबा कुठंय?" तर आता मी त्याच्याबरोबर पुण्याला निघालोय, डबा घेऊन. ओळख पटवायला लागेल म्हणतो. डबा अजून रिकामाच आहे. पण तुला आता रागावता यायचं नाही, अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलंय.