पेज दिली, माफी नाही

माय, येत्या रविवारी मला चर्चच्या महिला मंडळीत बोलायचं आहे आणि विषय दिलाय शुद्ध अंतःकरण. पाळकबाई स्वतः घरी आल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या आईची गोष्ट सांगा, दुसरं काही नको. वैऱ्याला हाताने जेवू घालणारी बाई आपल्या मंडळीत होऊन गेली हे नव्या सुनांना कळू द्या. मी चहा ठेवला, हो म्हटलं, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. पोळी करपते, कपाळावरचा चष्मा घरभर शोधते, पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. पाळकबाईंना ती गोष्ट जिथपर्यंत ठाऊक आहे तिथे ती संपत नाही, आणि पुढची ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे. तू बरी सुटलीस.

कुठून सुरू करू तेच समजत नाही. दादापासूनच सुरुवात करावी लागेल. मुकुटबनकडच्या त्या गावात ख्रिस्ती घर आपलं एकच. दादा आजारी पडला त्याच हंगामात शेजारच्या घरांनी बुद्धाचा धम्म घेतला होता आणि देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नाल्यात सोडले होते. आम्ही पोरं मागे मागे बघायला गेलो होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाला ताप भरला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बाबा ज्या कास्तकाराकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होते त्याच्या अंगणात दवाखान्यासाठी बैलगाडी मागायला तू मला घेऊन गेलीस, कारण गावात धड बैल त्याचेच. बंडी उभी होती, पण जिनिंगला न्यायच्या कापसाने गच्च भरलेली. तो ओसरीवरूनच म्हणाला, "भरेल बंडी खाली नाही करत. सकायी जिनात जाऊन येऊ दे, मंग पाहू." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तू दादाला खांद्यावर टाकलंस आणि बाबांसोबत पायी निघालीस. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलीस तेव्हाही तो तुझ्या खांद्यावरच होता. दवाखान्याची वाट अर्धीसुद्धा झाली नव्हती, असं बाबा नंतर सांगायचे. तू कधी सांगितलं नाहीस.

पुढे आपण गाव सोडलं. मिशनच्या दवाखान्यात बाबांना फाटकावर काम मिळालं, तुला स्वयंपाकघरात. आणि काही वर्षांनी, मी प्रभुभोजनाला बसण्याआधीचे धडे घेत होते तेव्हा, तोच कास्तकार पोटाचं ऑपरेशन होऊन तिथल्या खाटेवर येऊन पडला. बायको वारलेली, मुलं आलटून पालटून येत, शेताचं निमित्त सांगून जात. डॉक्टरांनी त्याला पेज सांगितली. तू तांदळाच्या कण्या भाजून, जिरं घालून, फडक्यातून गाळून पेज करायचीस आणि स्वतः घेऊन जायचीस. दुसरी बाई जाते म्हणाली तर तिला जाऊ द्यायची नाहीस. आधी त्याने वाटीकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. विटाळाचा हिशोब त्याच्या डोळ्यांत दिसत होता. पण भूक वरचढ ठरली. आठवड्याभरात त्याला तरतरी आली. मी पाण्याची बादली घेऊन दाराशी उभी आहे आणि तो तुला म्हणतोय, तुझ्या हातची पेज अंगी लागते, कोणत्या गावची तू? तू गावाचं नाव सांगतेस. तो हसतो, म्हणजे आमच्याच गावची की. कोणाची? तू म्हणतेस, तुमच्याकडच्या सालदाराची. माझ्या हातातली बादली मी खाली ठेवते, कारण आता काहीतरी होणार. तो जरा आठवून पाहतो आणि म्हणतो, "सालदार तं लय होऊन गेले, बाई." आणि वाटी तोंडाला लावतो. तू वाटी रिकामी होईपर्यंत उभी राहिलीस, मग ती घेऊन मोरीवर गेलीस आणि घासत राहिलीस. एका वाटीला किती घासतात?

तो बरा होऊन गेला. मुलांनी बंडीत तणस पसरून वर गादी घातली होती. तू दारातून बघत होतीस.

हे सगळं तेव्हाच्या पाळकसाहेबांना बाबांनी सांगितलं असणार. मी पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले त्या रविवारी त्यांनी उपदेशात तुझीच गोष्ट घेतली. नाव घेतलं नाही, पण स्वयंपाकघर म्हटल्यावर सगळ्या बायांच्या माना तुझ्याकडे वळल्या. अशा शुद्ध मनाच्या माणसालाच देव दिसतो, असं ते म्हणाले. मी नव्या पांढऱ्या लुगड्यात फुगून बसले होते. दादा गेल्यापासून तू प्रभुभोजनाची भाकर घेत नव्हतीस हे मला माहीत होतं, पण आज, माझ्या दिवशी, आणि एवढं सगळं ऐकल्यावर तू घेशीलच असं मी धरून चालले होते. सतरंजीवरून भाकरीच्या तुकड्यांचं ताट सरकत सरकत तुझ्यापाशी आलं. तू ते दोन्ही हातांनी घेतलंस आणि तसंच माझ्याकडे दिलंस. मी तुझ्या तोंडाकडे पाहत राहिले, तू ताटाकडे पाहत होतीस. मी माझा तुकडा उचलला आणि ताट पुढे दिलं. मला इतका राग आला होता, माय, की बाहेर आल्यावर मी तुझ्याशी बोलले नाही.

संध्याकाळी पाळकसाहेब स्वयंपाकघरात आले. भला माणूस होता, दारात चपला काढून आत आला. तू सुपात तुरीची डाळ निवडत होतीस, मी चुलीपाशी होते. ते म्हणाले, बाई, ज्याला तुम्ही जेवू घातलं त्याला तुम्ही माफ केलंच आहे, मग स्वतःला प्रभूच्या मेजापासून दूर का ठेवता?

"म्या त्याले पेज देल्ली, साहेब, माफी नाही देल्ली," तू म्हणालीस. "मीठ बराबर टाकलं, गाळून देल्ली, पन रोज मनात ये, याच्या गयात अटकावी. अन् ज्याले आठोतच नाही त्याले माफी देऊ तं कशी देऊ?"

ते म्हणाले, मग देवाकडे मागा. देव मन धुऊन देतो.

तू सुपातला खडा काढून बाजूला टाकलास. "मांगतो नं. रोज मांगतो. पन अजून गेलं नाही तं गेलं म्हनून कायले सांगू? आमच्या शेजारनींनं देव सोडले, मांगं वयून पाह्यलं नाही. त्याह्यचं मन एक झालं. माह्यं दोन हाय. दोन मनानं मी देवाच्या मेजावर नाही बसत."

पाळकसाहेब दाराकडे वळले. मग त्यांनी चपला घातल्या. पुढच्या उपदेशात मात्र त्यांनी गोष्ट तशीच ठेवली, पेजेपर्यंत, आणि तुझ्या मयतीलाही तशीच सांगितली. त्याआधी एका उन्हाळ्यात गावाकडून कुणीतरी तो कास्तकार वारल्याची खबर आणली होती. तू त्या दिवशी घरी कुणी आजारी नसताना पेज केलीस, आम्हाला वाढलीस आणि एवढंच म्हणालीस, आता तं राहूनच गेलं. त्यानंतरही ताट आलं की तू ते तसंच पुढे द्यायचीस.

मी तुझ्याशी मनातल्या मनात किती भांडले असेन. आडमुठी होतीस, दुसरं काय. सगळी मंडळी थोडंफार मनात ठेवूनच तर बसते. तुलाच एकटीला एवढं खरं कशाला व्हायचं होतं? मग वाटतं, मंडळीत देवाशी त्या दिवशी खरं कोणी बोललं असेल तर ते तू न घेता पुढे दिलेलं ताट. मग पुन्हा वाटतं, नाही, देवाने हात पुढे केला आणि तू घेतला नाहीस, ही कसली शुद्धता. असं सकाळपासून रात्रीपर्यंत चालतं. नव्या सुनांना यातलं काय सांगू? पेजेपाशी थांबले तर त्या डोळे पुसतील आणि घरी जातील. पुढे गेले तर पाळकबाई माझ्याकडे बघतील. कदाचित भाषणाचा कागद म्हणून हे लिहिलेलंच उचलून नेईन आणि तिथे उभी राहिल्यावर बघेन.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. प्रभुभोजनाचं ताट आलं की माझा तुकडा घेतल्यावर मी ते लगेच पुढे देत नाही. डाव्या अंगाला, तू बसायचीस तिकडे, जरा धरून ठेवते. ताट फिरवणाऱ्याला वाटतं म्हातारीचा हात थरथरतोय, तो खालून आपला हात लावतो. अजूनही तू घ्यावंस असं वाटतं, माय.