मेलचा अर्थ कुणाला विचारायचा

आप्पा,

आज मंगळवार. सकाळपासून परळीत लाइट नव्हती, ऑफिसात जनरेटर चालू होता. दुपारी पुण्याहून मेल आला. टीमचं राइट-सायझिंग सुरू आहे, तुमचा रोल रिअलाइन होईल, पुढच्या फेजमध्ये आपण सर्कल बॅक करू. शब्द सगळे वाचता आले. नोकरी राहिली की गेली, तेवढं कळलं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही तसाच मेल होता. तिनं तिथूनच अंबाजोगाईला वडिलांना फोन लावला. ते कंपनीत मॅनेजर होते, आता निवृत्त आहेत. ऐकून घेतलं आणि हसायला लागली. "पप्पा म्हणले, गोड बोलून हाकलायलेत. आपणहून राजीनामा देऊ नको, दुसरी बघायला लाग." नोकरी चाललेली आणि ही हसते. मला तिच्या त्या फोनचा इतका हेवा वाटला की दिवसभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हाचं आठवलं. आडतीवर तुम्ही आणि खरेदीदार टॉवेलखाली हात घालून बसलेले. तोंडानं सोयरिकीच्या गप्पा, भाव मात्र खाली बोटांनी ठरतोय. मी टॉवेल उचलायला जाते आणि तुम्ही माझा हात झटकता. "तुला कावून पायजे हे? तू इंग्रजी शीक. मंग कुनाला काई इचारायची गरज न्हाई." खरेदीदार म्हणतो, "आप्पा, पोरगी आडत बळकावती बगा तुमची." सगळे हसतात, तुम्हीसुद्धा. इंग्रजी मी शिकले, आप्पा. पण या मेलमध्येही वर नुसत्या गप्पाच आहेत, आणि खालचं ओळखणारे तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली.

माझ्या मेलमध्ये ट्रान्झिशनची एक ओळ जास्तीची होती. शेवटी संध्याकाळी त्या शेजारच्या मुलीकडून नंबर घेऊन तिच्या वडिलांना मीच फोन केला. त्यांनी ओळ दोनदा वाचायला लावली. "पोरी, तुझं काम दुसऱ्याला शिकवून मग तू जायचं. जाणाऱ्यांत तुझा नंबर आधी हाय." त्यांचं ते पोरी म्हणणंही मला सोसलं नाही. मग त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"मोंढ्यात आडत हाय त्यांची," मी म्हणाले.

"मंग आजच कानावर घाल त्यांच्या."

"घालते," म्हणून मी फोन ठेवला, आणि एकटीपुरतं पीठ मळायला घेतलं.