वरची पट्टी

बाबा, थकले की तुम्हीच आठवता, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर ते लगेच माझी समजूत घालायला लागतात. मला समजूत नको आहे.

चंद्रपूरच्या एका संस्थेचं काम माझ्याकडे आहे. तिच्या पाच वेबसाइट्स: बचत गट, शिष्यवृत्ती, धानाचं बियाणं, दवाखाना, वनउपज. एकीवरून दुसरीवर जाता यावं, परतही येता यावं, म्हणून प्रत्येकीच्या माथ्यावर तीच एक पट्टी हवी. तीच पाच नावं, त्याच क्रमाने. काम एवढंच. पण विभाग पाच, साहेब पाच, आणि प्रत्येकाला आपलं नाव पहिलं पाहिजे. चार महिने बैठकाच चालल्या. शेवटी कंटाळून मीच म्हटलं, ज्याची वेबसाइट, तिच्यावर त्याच्या विभागाचं नाव पहिलं ठेवू. सगळे खूश झाले आणि चहा आला.

सिंदेवाहीच्या कचेरीत तुम्ही शिपाई होतात. एका आवारात चार कचेऱ्या, दारात तुमचं स्टूल. कोणी काही विचारलं तर तुम्ही नुसता हात दाखवत नसायचात. उठायचात, माणसाला त्या दारापर्यंत न्यायचात, आतल्या बाबूला त्याचं काम सांगूनच परत यायचात. एका शनिवारी तुम्ही टपाल द्यायला गेलेले, मी स्टुलावर बसून शेंगा खाते आहे. एक म्हातारा विचारतो, "सातबारा कुठी भेटते वो बाई?" मी बसल्या जागेवरून बोट दाखवते. तो दिवसभर दारं पुजत फिरला. संध्याकाळी परत आला तेव्हा कचेऱ्या बंद, गावाची गाडी गेलेली. मी तुम्हाला म्हटलं, "त्यालेच समजलं नाई." तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "त्याले समजलं नाई म्हनू नोको. तू उठली नाई, असं म्हन." त्याला घरी जेवायला आणलंत. त्याच्या ताटात वरण वाढताना माझी मान वर होत नव्हती.

मागच्या महिन्यात मुलचेऱ्याकडची एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर भरत होती. शेवटची तारीख होती. मधेच अर्जात तिच्या बचत गटाचा नोंदणी क्रमांक विचारला, म्हणून ती बचत गटाच्या वेबसाइटवर गेली. तिथे पट्टीतला क्रम बदललेला, शिष्यवृत्तीच्या जागी बचत गट पहिला. सवयीने तिने पहिलंच नाव दाबलं, तर तिथल्या तिथेच. परतीचा रस्ता सापडेपर्यंत भरलेला अर्ज पुसला गेला होता. पुन्हा भरायला घेतला, तोवर मुदत संपली. वेबसाइटवरचा नंबर पाहून तिने मला फोन केला. चिडली नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "मी तं बराबर दाबून राह्यली होती बाई," म्हणाली. "पोरगी नुसती बसून आहे."

काल बैठकीत तिची तक्रार निघाली. पाचही साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पट्टीचा क्रम मीच मोडला, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. कदाचित त्या पोरीचा अर्ज पुन्हा घेतलाही असता. पण पुन्हा त्या बैठका, पुन्हा ते पाच जण, म्हणून मी दुसरंच वाक्य बोलले.

हे मी बैठकीच्या कागदांच्या पाठीवरच लिहिते आहे. पुढच्या बाजूला इतिवृत्तात माझं म्हणणं छापलेलं आहे: सदर महिलेस मोबाइल नीट वापरता येत नाही.

मी उठले नाही, बाबा.