पुलाआधीचं कपाट

सेंट ओमेर, मेन
सोमवार, १७ ऑक्टोबर १९९४

प्रिय सोलांज,

तुझा गुडघा आता बरा असेल, आणि डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्या तू बांधत असशील असं धरून चालते. मी ठीक आहे. बटाटे निघाले, त्यासाठी बंद ठेवलेली शाळा आजपासून पुन्हा भरली. रविवारी थंडी इतकी होती की पाद्रीबाबांनी प्रवचन अर्ध्यावर आणलं. कोणी तक्रार केली नाही. मेव्हिस दवाखान्यातल्या कामासाठी रोज पूल ओलांडते, तिच्या हाती हे पत्र आणि डुकराच्या खिम्याच्या क्रेतॉनची बरणी पाठवते आहे. यंदा लवंग थोडी जास्त झाली आहे. टपालात टाकलं तर पलीकडच्या काठावर यायला आठवडा लागेल.

शुक्रवारचं तुमच्याकडेही कळलं असेल. माझ्या दुकानाच्या वर, चढावर, बटाट्यांचं जुनं कोठार आहे ना, त्याच्या मागच्या अंगणात गिल्मन स्प्रेग नावाचा माणूस त्याच्या गाडीशेजारी पडलेला सापडला. पोटात गोळी. खालच्या गावांतला आहे, ट्रक चालवतो, त्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन आला होता. हेलिकॉप्टरने बँगोरला नेलाय. शुद्धीवर नाही. गोळीचा आवाज अनेकांनी ऐकला असणार, पण पक्ष्यांच्या शिकारीचे दिवस आहेत, संध्याकाळी आवाज झाला तर कोण मान वर करतो?

तेव्हापासून दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पाव कमी विकला जातो, तर्क जास्त. हर्वे म्हणतो, हे सिगारेटवाल्यांचं काम. इकडून खोकी तुमच्याकडे नेतात, पैशांवरून वाजलं असणार, म्हणून तर कोठारामागे भेटले. फिलोमेन त्याला म्हणाली, "सिगारेटवाले पुलावरून जातात होय? ते नदीतून जातात. तुझ्या मेव्हण्याला विचार, त्याची होडी अजून ओली असेल." हर्वे दोन तास वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. मग परत सुरू.

रेडिओवर तर सकाळ-संध्याकाळ तेच. एक म्हणतो सीमेवर कुंपण घाला. दुसरा म्हणतो, या एका माणसाच्या निमित्ताने वॉशिंग्टनवाले आपल्या सगळ्यांच्या बंदुका काढून घेतील. स्प्रेगची बायको दवाखान्याच्या बाकावर बसली आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पोलिसांनी एकाला धरलंय. एउसेबियो, होन्डुरासचा, ब्रोकोली कापायला आलेल्या टोळीतला. माझ्याकडे शुक्रवारी पाव आणि वाटाण्यांचे डबे घ्यायला येतो, "गुड इव्हनिंग" म्हणताना टोपी काढतो. त्यालाच स्प्रेग सर्वांत आधी दिसला. दिसला आणि हा पळाला, कारण याच्याकडे कागद नाहीत. पळताना एका बाईने पाहिलं. एवढंच. पळाला म्हणून धरला.

रेडिओचा एक पोरगेला वार्ताहर दुकानात आला होता. आल्फीच्या कपाटाबद्दल त्याला फार कुतूहल. मी सांगितलं, पलीकडे पिस्तूल नेता येत नाही, म्हणून पूल ओलांडणारे ते इथे ठेवतात आणि पितळी चकती घेऊन जातात. परतताना चकती द्यायची, पिस्तूल न्यायचं. माझा नवरा आल्फी हयात होता तेव्हापासून असंच आहे. "तुम्ही काही विचारत नाही?" तो म्हणाला. मी म्हटलं, कोट ठेवून घेणारा विचारतो का?

शेरीफच्या कचेरीतला लॅनीही येऊन गेला. कॉफी घेतली. "काकू, शुक्रवारी कपाटात कोणी काय ठेवलं?"

"नेहमीचेच."

"म्हणजे आपलेच."

"हो."

त्याने कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. जो माणूस पलीकडचा कायदा पाळायला थांबतो, तो इकडे गोळी घालून आलेला नसतो, असं इथे सगळेच धरून चालतात. मीही.

तुझा एमरी रविवारी इकडे परतेल असं म्हणाला होता. आला नाही. गिरणीतून दोनदा फोन आला की कामावर का नाही. त्याला बरं नाही का? जेवतो ना? मी फोन केला असता, पण तुझा फोन स्वयंपाकघरात आहे आणि तो तिथेच बसलेला असेल. शुक्रवारी इथून निघाल्यावर तो वाटेत काही बोलला का, ते मला कळव. मेव्हिसच्या हातीच कळव.

गुडघ्याला ऊब दे.

तुझी
जर्मेन

———

पोर्ट क्लेर, न्यू ब्रन्सविक
मंगळवार, १८ ऑक्टोबर

जर्मेन,

बरणी मिळाली. लवंग जास्तच आहे.

तू मला काय विचारते आहेस ते मला कळलं. सरळ विचारायची तुझी सवय कधीच नव्हती. लहानपणीही आईचा कप फुटला की तू "कपाला काय झालं" असं विचारायचीस, आणि मी मार खायची.

एमरी ठीक आहे. थकला आहे. दुपारपर्यंत झोपतो. गिरणीत दोन पाळ्या करणारा माणूस झोपणार नाही तर काय करेल? काल त्याने माझा मागचा दरवाजा दुरुस्त केला, लाकडं फोडून रचली. जेवतो. कमी जेवतो. रेडिओ लागला की बंद करतो, पण तो मलाही नकोसा झालाय. इकडे सगळे म्हणतात, अमेरिकन आहेत, एकमेकांना मारतात, त्यात नवल काय. दुकानात माझ्या तोंडावर म्हणतात, माझा मुलगा तिकडे राहतो हे माहीत असूनही.

त्या स्प्रेगबद्दल मला वाईट वाटतं. पण काही माणसं असतातच तशी. लोक तासभर उभे असताना हा खुशाल गाडी मध्ये घुसवणार, वर शिव्याही देणार. अशा माणसाशी कोणाचंही वाजू शकतं.

आणि त्या होन्डुरासच्या माणसाला सोडून देतील. त्याच्याकडे बंदूक सापडली का? नाही. मग किती दिवस ठेवतील? फार तर त्याच्या देशात परत पाठवतील. तिथे त्याची आई असेल.

एमरी गुरुवारी येईल. संध्याकाळी चारच्या सुमारास. चकती देईल, आपली वस्तू घेईल आणि घरी जाईल. तू ती दे आणि काही विचारू नकोस. आल्फीने आयुष्यात कोणाला काही विचारलं नाही, आणि सगळं गाव त्याला मान देत होतं.

तुला ते पिस्तूल फार खुपत असेल तर आठव, ते त्याला दिलं कोणी. एकविसाव्या वाढदिवसाला, तुझ्या घरात, तुझ्या नवऱ्याने. मी म्हटलं होतं, आमच्याकडे असलं काही लागत नाही. तुम्ही दोघं हसला होतात.

मला एकच मुलगा आहे. तुला एकही नाही, म्हणून हे लिहून सांगावं लागतंय.

सोलांज

———

सेंट ओमेर
बुधवार, १९ ऑक्टोबर, दुपार

सोलांज,

स्प्रेग आज पहाटे गेला. रेडिओवर आठच्या बातम्यांत सांगितलं. परवा तुला लिहिलं तेव्हा तो जिवंत होता, आणि मी मनाशी म्हणत होते की तो डोळे उघडेल, स्वतःच नाव सांगेल, आणि मला काही करावं लागणार नाही. आता ते गेलं.

तू लिहिलंस की त्याने गाडी मध्ये घुसवली. त्याच्या मागचे तासभर उभे होते, आणि त्याने शिव्या दिल्या. तुझं पत्र मी दुकानाच्या मागे उभी राहून दोनदा वाचलं. इथे हे कोणालाही माहीत नाही. त्याची गाडी कोठारामागे सापडली, म्हणून सगळे समजतात की तो तिथे कोणाला तरी भेटायला गेला होता. हर्वेचे सिगारेटवाले, रेडिओवाल्याचे घुसखोर, सगळे त्या अंगणातून निघाले. तो पुलाच्या रांगेत होता हे पोलिसांनाही ठाऊक नाही. ते तुला एकाच माणसाने सांगितलं असणार. तू लिहून गेलीस. कदाचित तुलाही ते एकटीला पेलत नव्हतं.

आता माझं ऐक.

शुक्रवारी पुलाची रांग माझ्या दुकानाच्याही वर, कोठारापर्यंत गेली होती. भांडायला दोघे तिथूनच रांग सोडून कोठाराच्या मागे वळले असणार, आणि रांगेतली शिवीगाळ कोणाच्या लक्षात राहते? तू येत असतेस, तुला माहीत आहे, सुगी संपली की सगळं खोरं एकाच दिवशी पलीकडे निघतं. एमरी आत आला तेव्हा दिवे लागले होते. "मावशी, पोळ्या उरल्यात का?" म्हणाला. कुट्टूच्या पिठाच्या चार उरल्या होत्या, त्या मी तुझ्यासाठी कागदात बांधल्या. तो मोरीवर हात धूत होता. बराच वेळ धूत होता. मग त्याने टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल ठेवलं. दर वेळी तो गोळ्या आधी काढून देतो, आल्फीने शिकवलं तसं. या वेळी काढल्या नव्हत्या. मी काढल्या. टॉवेल उघडला तेव्हा बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आला.

मी म्हटलं, "पक्षी मिळाले का?"

तो म्हणाला, "नाही."

मी त्याला चकती दिली. त्याने माझ्या गालाला गाल लावला, पोळ्या घेतल्या, आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला.

पिस्तुलाने कोणी पक्षी मारत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी विचारलं ते त्याला सबब मिळावी म्हणून, मला उत्तर हवं म्हणून नव्हे.

तो पळून गेला नाही, सोलांज. त्याने दडवलंही नाही. माझ्या मते त्याला काय करावं ते सुचलं नाही, म्हणून त्याने दर शुक्रवारी करतो तेच केलं. पिस्तूल न घेता पूल ओलांडला, अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा खरं सांगितलं की जवळ शस्त्र नाही, आणि तुझ्याकडे जेवायला आला. एका बाजूचा कायदा त्याने त्या संध्याकाळीही नीट पाळला.

पलीकडे रांगेत कोणी घुसला तर माणूस काय करतो? उतरतो, चाकाला लाथ मारतो, नाक फुटतं. घरी येऊन बायकोला सांगतो. एमरी काही वाईट नाही. तापट आहे, तुझ्यासारखा. त्याच्या गाडीत हाताशी ते होतं, इतकंच. आणि ते तिथे कसं आलं ते तू बरोबर लिहिलंस. आल्फीने दिलं. त्यावर निळा कागद मी गुंडाळला होता, फीत मी बांधली होती. आणि हो, आम्ही हसलो होतो.

तू लिहितेस, फार तर त्याला त्याच्या देशात परत पाठवतील. काल ते शक्य होतं. आज हा खून आहे. सकाळी पाव घ्यायला आलेली माणसं म्हणत होती, त्या एउसेबियोने बंदूक नदीत फेकली असणार. पाणबुडे आणणार आहेत. हर्वे म्हणाला, "सापडणारच. नाही सापडली तरी कोणाची होती ते कळलंच आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. मी सुटे पैसे मोजत होते आणि माझ्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, ते कपाटात होतं.

तुझ्या मुलाने परत येऊन चकती पुढे केली असती, तर मी दिलं असतं. ते मला पक्कं माहीत आहे. चार वाजता तो दारात उभा राहिला असता, "मावशी" म्हणाला असता, आणि मी दिलं असतं, मग जन्मभर एउसेबियोचा पाव दुसऱ्या कोणाला विकला असता. म्हणून मी गुरुवारपर्यंत थांबले नाही. दहा वाजता दुकान बंद करून लॅनीकडे गेले.

पिस्तूल टॉवेलासकट त्याच्या टेबलावर ठेवलं. तो म्हणाला, "काकू, हे काय?" मी सांगितलं. चकतीच्या आकड्यावरून त्याने नाव शोधलं असतं, पण मी ते तोंडाने सांगितलं. आमच्या एमरीचं नाव त्याने कुठल्या आकड्यावरून वाचावं, हे मला नको होतं. लॅनीने नाव लिहून घेतलं. मग म्हणाला, "सोमवारी मी विचारलं होतं तुम्हाला." मी म्हटलं, "विचारलं होतंस." त्याबद्दल माझ्यावर जे यायचं ते येईल.

रांगेतल्या भांडणाबद्दल मी बोलले नाही. ते माझं नाही. ते एमरीने स्वतः सांगावं. त्याने सांगितलं, तर त्याला थोडा फरक पडेल असं लॅनी म्हणतो. किती, ते त्याला सांगता येत नाही.

तुमच्या बाजूच्या पोलिसांना लॅनीने अजून कळवलेलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कळवणार नाही, एवढं त्याने मान्य केलं. त्यानंतर ते तुझ्या दाराशी येतील, आणि शेजारी खिडक्यांतून पाहतील. त्याआधी एमरी आपण होऊन पूल ओलांडू शकतो. चारला, तू लिहिलंस तसं. लॅनी पुलाच्या टोकाला तपासणीच्या टपरीत आत बसेल. बाहेर मी एकटी असेन.

एउसेबियोला आज सोडलं नाही. कागद नाहीत म्हणून वेगळं काही चालू आहे. उद्या एमरी आला तर निदान या गोष्टीतून तो सुटेल.

मला मूल नाही, हे तू लिहिलंस. खरं आहे. तू तापाने आजारी होतीस त्या वर्षी एमरी सबंध हिवाळा माझ्याकडे होता, आणि वसंतात तू त्याला न्यायला आलीस तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन बसले, कारण मला तो द्यायचा नव्हता. तुला ते कधी सांगितलं नव्हतं. आजही मला तो द्यायचा नव्हता.

हे पत्र त्याच्यासमोर वाच. लपवू नकोस, आणि मोठ्याने वाच. तो चिडेल, मग रडेल. मग त्याला जेवायला घाल. उद्या त्याला एकट्याला पाठवू नकोस. गुडघा दुखला तरी तू ये, आणि गाडी तू चालव.

मला माफ करू नकोस, पण ये.

तुझी मोठी बहीण
जर्मेन