अर्धं कपाट रिकामं ठेवल्याचा परिणाम

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? शेजारच्यांच्या कुत्र्याने भुंकणं कमी केलं का? मी ठणठणीत आहे, म्हणजे मान आखडली आहे, पण त्याचं कारण पुढे ओघाने येईल. फोन सोडून पत्र कसं, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘बरा आहेस ना?’ विचारतेस आणि मी उत्तर देईपर्यंत ‘चल, ठेवते’ म्हणतेस. शिवाय सध्या फोनच्या शेजारी भावोजी बसलेले असतात. (हो, तुझेच. ते माझ्याकडे आहेत हे तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. नाहीतर एव्हाना तू शोधाशोध केली असतीस.)

मुळापासून सांगतो. आमच्या लाँड्रीत दाताच्या दवाखान्यातल्या एक बाई डॉक्टरांचे पांढरे कोट टाकायला येतात. तिथे त्या पेशंटचे नंबर लावतात आणि घाबरलेल्यांना धीर देतात. आवाज असा, की दात काढून घ्यावासा वाटतो. (मी एक काढून घेतलाही. तसा तो बरा होता.) चव्वेचाळिसाव्या वर्षी आपणहून काही बोलायचा धीर होईना, म्हणून मी तयार कोटसुद्धा ‘अजून झाला नाही’ म्हणून त्यांना हेलपाटे घालायला लावायचो. शेवटी डॉक्टर स्वतःच भांडायला आले, तेव्हा तो मार्ग बंद झाला आणि मी इच्छापूर्तीच्या वर्गाला नाव घातलं.

तिथले सर सांगतात, हवं ते मिळालंच आहे असं धरून चालायचं, आणि ज्याला यायचंय त्याला आधी जागा करून द्यायची. मी शब्दशः केली. अर्धं कपाट मोकळं केलं, पलंगाच्या अगदी कडेला झोपू लागलो (मानेचं कारण ओघाने आलं), टेबलावर दोन कप मांडले, दाराशी नव्या सपाता आणून ठेवल्या. कोणाचं नाव मात्र घ्यायचं नाही, फक्त गुण सांगायचे, चेहरा विश्व ठरवतं, असा वर्गाचा नियम. तेव्हा रोज सकाळी आरशासमोर उभा राहून मी मोठ्याने सांगायचो, की येणारं माणूस लवकर उठणारं असावं, नीटनेटकं असावं, माझ्या हातचा चहा त्याला आवडावा, संध्याकाळी त्याने माझी वाट बघावी आणि एकदा आलं की जाऊ नये.

एका रविवारी बेल वाजली. मी केसांवरून हात फिरवून दार उघडलं, तर भावोजी, हातात बॅग. ‘निवृत्त माणसाला घरात जागा नसते,’ एवढंच म्हणाले. (तुझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांनी खण क्रमांक चिकटवले आणि तू ‘हे घर आहे, गोदाम नाही’ म्हणालीस, हे मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.) मग त्यांनी दोन कप पाहिले. मोकळं कपाट पाहिलं. पलंगाची रिकामी बाजू पाहिली. ताई, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, ‘मी येणार हे तू ओळखलं होतंस.’ मला नाही म्हणवेना. तुला म्हणवलं असतं.

मी वर्गात तक्रार केली. सरांनी एकेक गुण विचारायला घेतला. लवकर उठतात? पहाटे, आणि मलाही उठवतात. नीटनेटके? आयुष्यभर गोदाम सांभाळलेला माणूस, माझ्या मोज्यांनासुद्धा खण क्रमांक मिळालाय. चहा? परत परत मागतात. वाट बघतात? खिडकीत उभे राहून, आणि मला उशीर झाला तर जेवताना बोलत नाहीत. जातात का? नाही. ‘मग अडलंय कुठे?’ सर म्हणाले, ‘बाई पाहिजे असं तुम्ही कधी म्हणालातच नाही.’ वर्गाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्याच रागात मी दुसऱ्या दिवशी विश्वाला न विचारता थेट बाईंनाच चहाला बोलावलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या! (इतकं सोपं होतं, हे कोणी मला आधी सांगायला हवं होतं.) त्या आल्या, तर दार भावोजींनी उघडलं, त्या नव्या सपाता घालून. दुसरा कपही त्यांनीच घेतला आणि मग तासभर तुझ्याबद्दल बोलत राहिले. तू डबा न उघडता नुसता हलवून आत काय आहे ते सांगतेस. तू रागावलीस की भांडी आधी लख्ख होतात. तू खिडकीशी बसून झोपतेस आणि उठल्यावर झोपलेच नव्हते म्हणतेस. बाई पदराने डोळे टिपत ऐकत होत्या. मी बिस्किटं खात होतो.

जिन्यात त्या म्हणाल्या, ‘त्यांना घरी जायचंय हो.’ मी म्हटलं, ते तर नाही म्हणतात. त्यावर त्या म्हणाल्या, ‘तुम्हीसुद्धा कोट झाला नाही म्हणायचातच की. आधी त्यांना पोचवा, मग मला बोलवा.’

बाकी क्षेम. घरातल्या सगळ्यांना (म्हणजे सध्या तुलाच) नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. : वरचं सगळं आपलं सहज कळवलं. भावोजी मला जड झालेले नाहीत. हवे तितके दिवस राहू देत.

ता. क. २ : जड झालेत. डब्यांवरचे क्रमांक स्वतःच्या हाताने खरवडून काढायला ते तयार आहेत. हे मला नव्हे, बाईंना बोलले.

ता. क. ३ : पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. हे पत्र दाराखालून भावोजींनीच सरकवलंय. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. माझ्या तब्येतीचं काहीतरी आहे, एवढंच सांगितलंय. तू वाचायला घेतल्यापासून ते बॅग घेऊन पायरीवर उभे आहेत. (लांबण लावल्याबद्दल माफ कर, हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.) बेल ते वाजवणार नाहीत. डोळे मिटायचे आणि दार उघडलंच आहे असं धरून उभं राहायचं, असं मी त्यांना शिकवून पाठवलंय, आणि माणूस चिकाटीचा आहे. पुढचं विश्व बघून घेतं, असं सर म्हणतात. पण ताई, कडी आतून आहे.