बाबांचा रेणू

४ फेब्रुवारी
घात झाला! नव्या यंत्राच्या चाचणीसाठी मुद्दाम बाबांचाच रेणू घेतला होता. त्यांनी तरुणपणी झाडाच्या सालीतून काढलेला, पुस्तकात गेलेला. मध्ये दुहेरी बंध, त्याच्या दोन बाजूंना दोन हात — एक वर, एक खाली. गणित म्हणतं, वर्णपटात ९७० च्या आसपास ठळक रेघ हवी. तिथे सपाट!

५ फेब्रुवारी
पुन्हा मोजलं. सपाटच.

९ फेब्रुवारी
दोन्ही हात एकाच बाजूला धरून गणित लावलं. संगणक घुमत राहिला. दुपारी माझा डोळा लागला — मी रेणूच्या आत. अणू दिव्यांसारखे तरंगतायत, बंध ताणला की बारीक सूर निघतो. कुणीतरी एक हात हळूच वळवला...
जागी झाले, पडद्यावर उत्तर. सगळ्या रेघा जुळल्या. आनंद व्हायचा, तर — म्हणजे बाबांची रचना चुकीची!

१० फेब्रुवारी
मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "नातं बाजूला ठेव. रचना चुकली होती, असं छाप." खरंच आहे त्यांचं.
घरी बाबांचं नेहमीचं, "काय म्हणतोय माझा रेणू?"
"मजेत आहे!" म्हटलं.

१३ फेब्रुवारी
सांगितलं एकदाचं. बाबांचा चहा गार झाला. मग म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं."
आई आतून — "माझं मीठ कमी पडलं की चार दिवस बोलता, स्वतःचं चुकलं की तोंड एवढंसं!"
बाबा हसले नाहीत. उठता उठता विचारलं, "नमुना कुठला घेतलास?"
"तुमच्या खिडकीतली बाटली."
"ती तुझ्या जन्माआधीची गं. किती ऊन खाल्लंय तिने! ताजी साल आण."

१९ फेब्रुवारी
बाबा स्वतः प्रयोगशाळेत आले. खिडक्या झाकायला लावल्या. गाळणकागदाची घडी त्यांनीच घातली. हात कापतो, घडी नाही. अर्धवट अंधारात थेंब पडत होते. आम्ही दोघं नुसते बघत बसलो. वेळ कुठे गेला, कळलंच नाही.

२२ फेब्रुवारी
९७० ला रेघ! ठळक! बाबा बरोबर. मीही बरोबर — उन्हाने बाटलीतला रेणू वळवला होता. हा वळलेला रेणू याआधी कुणीच पाहिलेला नाही, बाईंनी सगळे जुने शोधनिबंध धुंडाळले.
बाबा म्हणाले, "माझ्या रेणूला नावं ठेवलीस ना? आता तुझ्या रेणूला नाव ठेव!"