अठरा नंबरवरचं ‘हो-नाही’

विंटन, क्वीन्सलँड, ऑगस्ट

प्रिय जनेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, गाडीमागे ओढत नेते त्या घराची, कॅरॅव्हॅनची, चाकं जागच्या जागी आहेत आणि मी कुठल्या नदीत अडकलेली नाही. परवा तू फोनवर विचारलंस, “आई, ऑक्टोबरला येतेस ना? खोली तयार आहे, रंगसुद्धा वाळला,” आणि मी “रेंज जातेय गं” म्हणून फोन ठेवून दिला. कसली रेंज जातेय! विंटनच्या भर बाजारपेठेत उभी होते. तुझ्याकडे राहायला यायचं की नाही याचं उत्तरच माझ्याकडे धड नव्हतं. आता आहे, पण ते एका वाक्यात सांगितलं तर तू गैरसमज करून घेशील, म्हणून पहिल्यापासून सांगते. चहा घेऊन बस. आणि आमच्या जावयाला, ग्रॅहमला, मध्ये बोलू देऊ नकोस.

सुरुवात झाली समुद्रकाठच्या बोवेनला. दुपार कलली की कॅरॅव्हॅन लावायच्या पार्कात काय चालतं ते तुला ठाऊक आहे. नव्या गाड्या यायला लागतात आणि आधीचे लोक खुर्च्या टाकून बसतात, कोण आपली कॅरॅव्हॅन कशी मागे घेतंय ते बघायला. नवरा चाकावर, बायको मागे उभी राहून हातवारे करणार, तो भलतीकडेच वळवणार, मग दोघांची जुंपणार. निम्मे संसार तिथेच मोडायला आलेले असतात. तुझे बाबा गेल्यापासून माझ्या गाडीमागे उभं राहायला कुणी नाही, आणि परक्या बाईच्या गाडीमागे जाऊन उभं राहणं आपल्यात बरं दिसत नाही, ते जोडीदाराचंच काम. तोंडं मात्र सगळ्यांची चालतात. “डावीकडे घे बाई!” “अगं, दुसरं डावं!” त्या गदारोळात एक माणूस गप्प बसून कोळंबी सोलत होता. गाडी जागेवर लागल्यावर मीच त्याला टोकलं, “काय हो, तुम्हाला आवाज नाही वाटतं?” तर म्हणाला, “तुम्हाला येत होतं की. मी कशाला कोळंबी सोडू?” आणि वाडगा माझ्यापुढे सरकवला.

हा लिंडसी. सरीना गावचा. जन्मभर उसाची ती छोटी आगगाडी चालवली, शेतातून कारखान्यात ऊस न्यायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पर्थला. कान जरा कमी ऐकतात, गुडघे वाजतात, आणि स्वतःच्याच विनोदाला आधी स्वतः हसतो. तुला आवडेल. लगेच नाही आवडणार, पण आवडेल. बोवेनहून टाउन्सव्हिलला आम्ही एकामागोमाग गेलो, शेजारच्या कॅरॅव्हॅनमधली नोलीन आणि तिचा मर्व्हही बरोबर होते. रोज संध्याकाळी आपापली खुर्ची आणि आपापला ग्लास घेऊन जमायचं, मासे लागले की नाही यावर खोटं बोलायचं, लवकर झोपायचं. मजेत चाललं होतं गं, अगदी मजेत.

मग समुद्र सोडून आत वळलो. चार्टर्स टॉवर्स मागे पडलं, लिंडसी पुढे, मी मध्ये, मर्व्ह-नोलीन शेवटी. आपल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा एकमेकांशी बोलायचा रेडिओ अठरा नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे एकाने तोंड उघडलं की पंचक्रोशीतल्या प्रत्येक गाडीत ऐकू जाणार. लिंडसी त्यावर म्हणाला, “डेस, मी विचार करत होतो.” मी म्हटलं, “गाडी चालवताना? धोक्याचं आहे.” तो हसला नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती. म्हणाला, “दोन माणसांनी दोन कॅरॅव्हॅन कशाला ओढायच्या? माझी विकतो आणि तुझ्या गाडीत येतो. कायमचाच. काय म्हणतेस?”

अगं, हे विचारायची ही काय जागा झाली! समोरून तीन डब्यांचा ट्रक धूळ उडवत येतोय, मी दोन्ही हातांनी चाक धरलंय. मी रेडिओ उचलला आणि म्हणाले, “हो… नाही रे.”

तू इथलीच, तुला समजावून सांगायला नको. ग्रॅहमला बिचाऱ्याला इतकी वर्षं क्वीन्सलँडात राहून अजून कळत नाही. आठवतंय, मी त्याला “आणखी भाजी हवी का?” विचारल्यावर “हो, नाही” म्हणायला शिकवलं होतं आणि तो ताट पुढे करून बसला होता? आपल्याकडे ‘हो-नाही’ म्हणजे नाही आणि ‘नाही-हो’ म्हणजे हो. पहिला शब्द समोरच्याचा मान राखायला, दुसरा खरा. तर मी ‘हो’ म्हणून त्याचा मान राखला, आणि ‘नाही’ म्हणेपर्यंत माझा अंगठा बोलताना दाबून धरायच्या बटणावरून सुटला. तुझे बाबा कानीकपाळी ओरडून थकले होते, “डेसली, बोलून झाल्यावर बटण सोड गं बाई!” मी आपली नेहमीच आधी सोडते. लिंडसीला ऐकू गेलं ते नुसतं ‘हो’.

आणि एकट्या लिंडसीला नाही. मागून मर्व्हने भोंगा दाबला तो सोडेचना. नोलीन रेडिओवर चक्क रडत होती. तो धूळ उडवत गेलेला ट्रकवाला, मेला ओळख ना पाळख, ओरडला, “अभिनंदन, आजीबाई!” मी “अहो, ऐका, ऐका” करत राहिले, पण सगळेच एकदम बोलायला लागले की त्यावर कुणाचंच काही जात नाही. ह्यूएन्डनला पोचेस्तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. पार्काच्या मालकिणीने दोघांना शेजारशेजारची सावलीची जागा दिली. नोलीनने खोबऱ्यात घोळवलेले केक केले, आणि लिंडसी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन आला. आता या माणसाला चारचौघांत काय सांगू? मी केक खाल्ला. दोन खाल्ले.

सांगितलं ते ज्युलिया क्रीकला. तिथे ते जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचे टब आहेत ना, उघड्या माळावर? दोन टब शेजारी, एकात तो, एकात मी, गळ्यापर्यंत पाण्यात, समोर मावळतीने सगळं लाल झालेलं आणि दूरवर गाई. मी म्हटलं, “लिंडसी, त्या दिवशी मी ‘हो-नाही’ म्हणाले होते. तुला अर्धंच ऐकू आलं.” त्याने पाण्यात पाय हलवले. मग म्हणाला, “मग त्या केकचं काय?” हसू की रडू मला कळेना. मी त्याला तुझं सांगितलं. लेकीला ऑक्टोबरचं कबूल केलंय, तिने मागच्या अंगणातली खोली माझ्यासाठी नीट करून घेतली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत. त्याने विचारलं, “तुला जायचंय?” मी म्हटलं, “तिने दांडे बसवलेत रे.” “ते ऐकलं. तुला जायचंय का?” मी दूरच्या गाई मोजायला लागले. तो उठला, गुडघे कडाकडा वाजले, टॉवेल गुंडाळला आणि “पाण्यात फार वेळ बसू नकोस, चक्कर येते” एवढंच म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं असेल त्याने? नळावर भांडी घासायला सगळे जमले होते, तिथे जाऊन मोठ्याने सांगितलं, “मंडळी, माझा रेडिओ जुनाट आहे आणि माझे कान त्याहून जुनाट. डेसने नाही म्हटलं होतं, मी हो ऐकलं. माझा गाढवपणा.” माझ्या अंगठ्याचं नावसुद्धा काढलं नाही. मर्व्हने भांडं घासता घासता मान खाली घातली. नोलीन पुटपुटली, “तरी मी म्हणत होते, नवा रेडिओ घे.” मग लिंडसी माझ्याकडे आला, माझ्या टायरची हवा बघून दिली, आणि उलटा रिचमंडच्या रस्त्याने विंटनकडे निघून गेला. मी उत्तरेला करुम्बाला गेले.

करुम्बात मला एकटीला वाईट वाटत होतं असं समजू नकोस. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुला वाटेल आई एकटेपणाला घाबरली. नाही घाबरले. पहाटे मासे धरायला जायचे, बोटीवरून ताजी कोळंबी घ्यायची, संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना सगळ्यांसोबत टाळ्या वाजवायच्या. छान चाललं होतं. तर एका दुपारी व्हिक्टोरियाहून आलेला एक माणूस कॅरॅव्हॅन मागे घेता घेता थेट पाण्याच्या नळावर जाऊन आदळला. हा फवारा उडाला! त्याची बायको नखशिखांत भिजली आणि तशीच उभी राहून हात हलवतेय, “ये, ये, अजून ये.” मी हसून हसून बाजूला वळले, कुणाला तरी सांगायला. बाजूला रिकामं गवत. माझं हसू तिथंच थांबलं. त्या संध्याकाळी मी सामान आवरलं.

नॉर्मन्टन, क्लोनकरी, किनूना करत विंटनला आले तेव्हा नेमकी खुर्च्या टाकायची वेळ. मला मिळाली जागा एका जाड बुंध्याच्या झाडाच्या आणि विजेच्या खांबाच्या बेचक्यात. सगळे बघायला बसलेले, त्यात लिंडसी. जागचा हलला नाही. ज्या बाईने नाही म्हटलंय तिच्या गाडीमागे तो कशाला उभा राहील? मी काच खाली केली आणि पार्कभर ऐकू जाईल अशी ओरडले, “लिंडसी, बसून काय राहिलास? मागे उभा राहा की!” तो उठला, हळूहळू चालत माझ्या गाडीमागे गेला आणि दोन्ही हात वर केले. जनेल, मला आरशात नीट दिसेना, डोळे भरून आले होते. मला त्याच्यासोबत राहायचं होतं, आणि ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. बाकी मला गाडी मागे घ्यायला लावली ती त्याने अशी की काय सांगू! जन्मभर रुळावरची गाडी चालवलेला माणूस, त्याला डावं-उजवं कुठून माहीत असणार? मागचा दिवा फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅरॅव्हॅन विकायची ठरली आहे, त्याची.

ऑक्टोबरात उन्हाळा लागला की आम्ही किनाऱ्याला जाऊ, आधी येपून, मग सरीनाला त्याच्या घरी. तेव्हा ऑक्टोबरला मी येत नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू “हो आई, छानच की” म्हणाली असतीस आणि कपडे धुवायच्या खोलीत जाऊन रडली असतीस. मी माझ्या आईच्या वेळी तेच केलं होतं. पण पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी नाही. मागे ग्रॅहमचा फोन आला होता. त्याच्या पोटात काही राहत नाही. सहज बोलून गेला की तुमच्या टूवूम्बाच्या जून-जुलैच्या थंडीत तू पत्र्याच्या शेडमध्ये बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घालून शिवतेस. मी विचारलं, शेडमध्ये का? मग त्याला समजलं आपण काय बोललो ते. तुझी शिवणाची खोली मला दिलीस आणि मला चकार शब्द बोलली नाहीस. पोरी, आजारी बाबांचं सगळं करताना ती चार वर्षं माझी कशी गेली ते तू बघितलंयस, आणि तरी माझ्यासाठी जागा रिकामी केलीस. एवढी माया मी कुठे ठेवू सांग. मी थकेन तेव्हा तुझ्याचकडे येईन, आणि तुझ्या हातचं सगळं करून घेईन, लाजणार नाही. पण तोवर मला तुझी आजारी म्हातारी करू नकोस, नुसती आई राहू दे. हे पत्र वाचून झालं की ग्रॅहमला उठव आणि दोघांनी मिळून शिवणाचं मशीन परत त्या खोलीत आणा.

तुझीच,
आई